पाहणीच्या आदल्या दिवशी

बातमी आली तेव्हा मी त्यांचंच काम टाइप करत होते. भिवंडी कोर्टाच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे, वीस वर्षं झाली, तेच टेबल आणि तेच मशीन. अर्जाचा मजकूर संपला होता, ‘अर्जदारांतर्फे वकील’ एवढं उमटलं होतं आणि खाली नाव टाकायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात काल्हेरहून त्यांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. “मंगल, दाढी करायला बसले होते गं... आरशासमोर. मी चहा घेऊन आले तर मान खाली.” मी वेड्यासारखं विचारलं, “डॉक्टर आले का?” त्या म्हणाल्या, “येऊन गेले.” फोन ठेवला आणि मी काय करावं? कागद मशीनमधून काढला नाही, खाली त्यांचं नाव टाइप केलं. ॲड. दत्ताराम तरे. मग रडायला लागले. समोर बसलेला पक्षकार बिचारा घाबरला आणि माझ्यासाठी चहा आणायला धावला.

वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, तरेवकिलांवर लिहा, पण जरा आटोपशीर. वीस वर्षं दुसऱ्यांचं म्हणणं टाइप करणाऱ्या बाईला पहिल्यांदा स्वतःचं म्हणणं मांडायला सांगायचं, आणि वर आटोपशीर! जमेल तसं लिहिते. शोकसभेत पुष्कळ भाषणं झाली, कुणी त्यांना पर्यावरणाचे रक्षक म्हटलं, कुणी संविधानाचे पाईक. साहेब असते तर सुपारी कातरता कातरता म्हणाले असते, “अहो, मला आधी तारखेला वेळेवर पोचू द्या.” चिडके होते. फाइल सापडली नाही की अख्खं ऑफिस डोक्यावर घ्यायचे आणि ती त्यांच्याच बगलेत निघायची. पण एक गोष्ट होती, चूक झाली की ती कुणाच्या गळ्यात मारायची हे त्यांना कधी जमलंच नाही. त्या एका गोष्टीसाठीच मी लिहायला बसले आहे.

त्यांचं ऑफिस कापड विणायच्या लूमच्या एका शेडवर, पहिल्या मजल्यावर. कोर्ट सुटलं की त्यांचं टायपिंग करायला मी तिथे जायचे. खाली बारा-चौदा लूम दिवसरात्र खडखडायचे, वर टेबलावरची टाचणी नाचायची. त्यामुळे साहेबांना ओरडून बोलायची सवय लागलेली. कोर्टात उभे राहिले की पहिलं वाक्य असं काही मोठ्यांदा निघायचं की एकदा न्यायाधीश म्हणाले, “तरेवकील, इथे खाली लूम नाहीत.” सगळे हसले, साहेबही हसले आणि दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठ्यांदा बोलले. लोडशेडिंगला लाइट गेली की लूम थांबायचे आणि एकदम शांत व्हायचं. तेवढ्या वेळात ते हळू आवाजात बोलत, आणि खरं काय ते तेव्हाच बोलत. मी ते ओळखून होते. लाइट गेली की मी मशीनवरचे हात काढून घ्यायचे.

ते मूळचे काल्हेरचे, आगरी घरातले. भावांनी शेतं देऊन गोडाउनं बांधली, गाड्या आल्या, बंगले आले. यांनी आपला वाटा तसाच ठेवला आणि त्यात पावसाळ्यात भात लावत राहिले. भाऊ चिडवायचे, “दत्ता वकील हाय का शेतकरी?” हे म्हणायचे, “दोन्ही अर्धा अर्धा हाय, म्हनून तर दोन्हीकडं नापास.” घरच्यांशी बोलताना त्यांची भाषा अशी झटकन काल्हेरला जायची.

ते प्रकरण आलं ते २००४ साल संपता संपता. खारबावच्या बाजूचं एक गाव. नाव लिहीत नाही, का ते पुढे येईलच. गावाच्या वरच्या अंगाला कपडा रंगवायचे चार-पाच कारखाने होते, त्यांचं पाणी नाल्यात सोडलेलं, आणि नाला गावच्या विहिरीला खेटून जाणारा. विहिरीला तिकडे बाव म्हणतात. बावीच्या पाण्याला कधी जांभळी झाक, कधी लाल. कपडे धुतले तर पांढऱ्याचे गुलाबी होत. पोरांच्या अंगावर खाज, वर्षाआड काविळीची साथ. तक्रार घेऊन आली ती एक बाई, कमळाबाई, पन्नाशीची, काष्ट्याचं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. सोबत गावातले तीन पुरुष आलेले, पण बोलत होती तीच. मी नाव-गाव विचारायला लागले तर पटकन म्हणाली, “बाय, गावाचा नाव नको लिवू. काविलवाला गाव म्हनतील. मंग आमचे पोरांना पोरी कोन देल?” साहेबांनी सुपारी खाली ठेवली. “कमळाबाई, नाव नाही लिहिलं तर अर्ज कुणाचा म्हणून करू? नदीचा?” बाई हट्टाने म्हणाली, “नालेचा कर.” शेवटी बरीच समजूत काढून नाव घातलं, पण साहेबांनी तिला शब्द दिला की वर्तमानपत्रात ते कधी येणार नाही. तो शब्द मी इथे पाळते आहे.

त्यांनी अर्ज केला प्रांतसाहेबांपुढे, कलम एकशे तेहतीसखाली. सार्वजनिक उपद्रव दूर करायचं कलम. रस्त्यात कुणी भिंत घातली, कुणाचं झाड घरावर झुकलं, तर लोक हे कलम लावतात. मी म्हटलं, “साहेब, एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं कलम?” लाइट गेलेली होती, त्यामुळे हळूच म्हणाले, “मंगलबाई, संविधानात एकविसावा अनुच्छेद आहे, जगण्याच्या हक्काचा. त्यात पाणी हा शब्दच नाही. मोठ्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी तो त्यात वाचला, हवासुद्धा वाचली. पण मुंबईत वाचलेलं पाणी या बावीपर्यंत चालत येणार नाही. ते हातात धरून आणायला ही असली छोटी कलमं लागतात.” मग लाइट आली आणि ते परत ओरडायला लागले.

प्रांतसाहेबांनी मे महिन्यात संयुक्त पाहणीचा हुकूम केला. सरकारी माणसं येणार, पंचांसमक्ष बावीचं पाणी बाटलीत घेणार, सील करणार, प्रयोगशाळेत पाठवणार. साहेब खुशीत होते. त्याआधी एकदा आम्ही दोघं गावात गेलो होतो तेव्हा त्यांनी स्वतः पोहरा टाकून पाणी काढलं होतं आणि सुनंदावहिनींच्या लोणच्याच्या बरणीत भरून आणलं होतं. जांभळं पाणी, तळाशी गाळ. ती बरणी खिडकीत ठेवून ते म्हणत, “हा पुरावा नाही हां, पंचनामा नाही याचा. पण माझी खात्री आहे. सरकारी बाटलीत असलंच पाणी जाऊ दे, मग बघू.”

आता मला जे सांगायचंय ते इथे येतं. पाहणीच्या आदल्या दिवशी नोटिसीच्या प्रती द्यायला मी एकटीच गावात गेले होते, साहेबांना ठाण्याला तारीख होती. देवळासमोर बघते तर चुन्याची पिंपं, भिजवलेली. डिझेलचा पंप आणून ठेवलेला. बायका केरसुण्या घेऊन जमलेल्या, पुरुषांनी कमरेला दोर बांधलेले. कमळाबाई म्हणाली, “उंद्या कोर्टाची मानसा येतान ना, बाव साफ करतो. गाव घान दिसला तर काय म्हनतील?” आणि मी... मी इतकी वर्षं कोर्टाच्या दारात बसणारी, पंचनामे टाइप करून बोटांना घट्टे पडलेली बाई, मी काय म्हटलं? मी म्हटलं, “हो, बरं दिसेल.” त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, मी पोटभर जेवले आणि एसटीने परत आले. साहेबांना सांगायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. सुचलंच नाही, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी साहेबांबरोबर गेले. बाव बघितली आणि साहेब जागच्या जागी थांबले. आदल्या दिवशी सगळं पाणी उपसून टाकलेलं, तळ खरवडलेला, वरून जंतू मारायची टीसीएलची पांढरी पावडर टाकलेली, आणि रात्रभर झऱ्याचं ताजं पाणी भरलेलं. कठड्याला पांढराशुभ्र चुना, समोर रांगोळी, नारळ फोडलेला. सरकारी साहेब लोकांना खुर्च्या, शहाळी, पोहे. कमळाबाई पदर खोचून हसत उभी, “बगा वकीलसाहेब, कशी लखलखीत केली आमचे बावीला!” त्या अधिकाऱ्याने पोहरा वाकवून पाणी बघितलं आणि म्हणाला, “वकीलसाहेब, पाणी तर आमच्या कॉलनीपेक्षा बरं दिसतंय.” साहेबांनी काल काय झालं ते पंचनाम्यात लिहायला सांगितलं, पण पंच म्हणून सही करणारे गावचेच दोघे. ते म्हणाले, “आमी नेहमीच बाव साफ ठेवतो, आमचा गाव घान न्हाय.” काय करणार! साहेब कुणावर ओरडले नाहीत. पोहे खाल्ले, कमळाबाईला ‘छान’ म्हटलं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

परत येताना स्कूटर बंद पडली म्हणून रस्त्याच्या कडेला उभे होतो. ते म्हणाले, “मंगलबाई, मला ठाऊक असायला हवं होतं. मी त्याच मातीतला. आमच्या काल्हेरला एकदा कलेक्टर आले तेव्हा माझ्या आईने गोठासुद्धा सारवला होता, म्हशीला आंघोळ घातली होती. पाहुणा यायचा म्हटल्यावर ही माणसं घाण कशी ठेवतील? मीच सांगायला हवं होतं, झाडू लावू नका म्हणून.” माझ्या ओठांवर आलं होतं की मी बघितलं होतं काल, मी गप्प बसले. पण बोलले नाही. तिथे रस्त्यावर नाही बोलले आणि पुढे चार वर्षांत कधीच नाही बोलले. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

अहवाल आला, ‘पिण्यास योग्य’. अर्ज फेटाळला गेला. आणि मग त्याच जुलैत तो पूर आला, ज्याबद्दल ठाणे जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको. नाला, बाव, शेत, सगळं एक झालं. कारखान्यांची पिंपं वाहून गावात आली, रंगाचं पाणी घरांत भिंतीवर चढलं. पाणी ओसरल्यावर तलाठी आला, पंचनामे झाले, वाहून गेलेली भांडी, पडलेल्या भिंती, मेलेली जनावरं, सगळ्यांच्या याद्या झाल्या. वाहून गेलेला एक म्हातारा होता, त्याच्या घरच्यांना मदतही लगेच मंजूर झाली. साहेब म्हणाले, “बघा, सरकार करायचं म्हटलं की किती पटापट करतं.” पण गाव पाणी पीत होतं त्याच बावीचं. टँकर आला दोन दिवस आणि बंद झाला.

गणपतीच्या दिवसांत काविळीची साथ आली, यावेळी जोरात. कमळाबाईची सून सविता सातव्या महिन्यात होती. एकोणीस-वीस वर्षांची पोर, साहेबांना बघितलं की ‘मामा’ म्हणून पाया पडायची. आधी काविळीची माळ घातली, मग औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेलं, मग सरकारी दवाखान्यात, मग ठाण्याला. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. कमळाबाई मोठ्याने रडली नाही. साहेब दारात गेले तर एवढंच म्हणाली, “साहेब, बाव तर आमी साफ केली होती.”

साहेबांनी मदतीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, पुरात झालेल्या मृत्यूंना मदत आहे, हा मृत्यू पुरानंतर सहा-सात आठवड्यांनी आजाराने झाला आहे, सबब मागणी मान्य करता येत नाही. आणि खाली जोडलं होतं, सदर विहिरीचे पाणी मे महिन्यातील तपासणीत पिण्यास योग्य आढळले होते. आमच्याच अर्जावरचा, आम्हीच मागितलेल्या पाहणीचा अहवाल. साहेब तो कागद वाचत होते तेव्हा लूम चालू होते, तरी ते हळू आवाजात बोलले. “बुडून मेलेला माणूस कायद्याला लगेच दिसतो, मंगलबाई. पाणी पिऊन मेलेला दिसत नाही.”

त्या वर्षाच्या शेवटी केंद्राचा आपत्तीचा कायदा आला. साहेबांनी त्याची झेरॉक्स मागवली आणि कितीतरी दिवस ती खिशात घडी घालून फिरवत होते, कोर्टाच्या चहाच्या टपरीवर सुद्धा काढून वाचायचे. त्यातली आपत्तीची व्याख्या त्यांना पाठ झाली होती. निसर्गाने आणलेली किंवा माणसाने आणलेली, अपघाताने किंवा निष्काळजीपणाने, माणसांचे हाल करणारी, पर्यावरणाची हानी करणारी... आणि शेवटी, त्या भागातल्या लोकांना पेलवणार नाही एवढी मोठी. ते म्हणायचे, “सगळं बसतं हो आपल्याला, शेवटचं सोडून. आपण पेलत नाही असं कधी दाखवतच नाही. साहेब येणार म्हटलं की चुना लावतो, रांगोळी काढतो, शहाळं फोडतो. आम्हाला पेलतंय, असं आपणच लिहून देतो. मग कायदा यायचा कशाला?” मी मान खाली घालून कागद लावत बसायचे.

हायकोर्टात रिट याचिका करायची ठरली. तिथे मुंबईचे वकील उभे राहणार होते, पण अर्जदारांची शपथपत्रं मराठीत आधी आम्हीच तयार करायची, मग भाषांतर. मे महिन्यातलं पाणी स्वच्छ का निघालं हे सांगणं भाग होतं, नाहीतर तोच अहवाल दर वेळी आमच्या डोक्यावर मारला गेला असता. साहेब बोलत होते, मी टाइप करत होते. “सदर विहीर पाहणीच्या आदल्या दिवशी ग्रामस्थांनी उपसून साफ केली. सदर कृत्य कोणत्याही वाईट हेतूने नसून पाहुण्यांच्या आदरापोटी होते. ग्रामस्थांना याबाबत सूचना देणे हे त्यांच्या वकिलाचे कर्तव्य होते. सदर चूक ग्रामस्थांची किंवा अन्य कोणाची नसून...” इथे ते थांबले. “त्यांच्या वकिलाची आहे.” माझे हात थांबले. मी म्हटलं, “साहेब, असं कुणी स्वतःच्या विरुद्ध लिहितं का?” ते म्हणाले, “टाइप करा. कुणाच्यातरी नावावर पडायला हवी ना ती.” मी टाइप केलं. ‘अन्य कोणाची नसून’ ते शब्द टाइप करताना मी एक अक्षरसुद्धा चुकले नाही, आणि हीच गोष्ट मला अजून खाते.

याचिका दाखल करून घेतली गेली. दोन वर्षं लागली, पण हुकूम चांगला झाला. शुद्ध पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, गावाला नळाचं पाणी द्या, तोवर टँकर द्या, आणि नाल्याचं पाणी बावीत उतरतं का याची नव्याने पाहणी करून अहवाल द्या, मृत्यूच्या दाव्यांचा त्यावरून फेरविचार करा. साहेबांनी हुकमाची प्रत डोळ्यांना लावली, देवाच्या प्रसादासारखी. नळ आला, आठवड्यातून दोनदा पाणी देतो. बाकीचे दिवस बाव. दोन कारखाने बंद झाले, म्हणजे इथे बंद झाले आणि पुढच्या नाल्यावर चालू झाले. ते कळलं तेव्हा साहेब बरंच काही बोलले, ते मी इथे लिहीत नाही. नवी पाहणी मात्र होईना. आज मनुष्यबळ नाही, उद्या निवडणूक आहे. ते गेले त्या दिवशी मी टाइप करत होते तो अर्ज पाहणीची तारीख लवकर मिळावी म्हणूनच होता. सहीशिवायचा तो कागद अजून माझ्या खणात आहे.

आणि बघा कसं असतं, त्यांचं कार्य होऊन महिना झाला आणि तारीख आली. ठाण्याच्या एका वकीलबाईंनी वकीलपत्र घेतलं होतं, हुशार पोरगी, पण गाव बघितलेलं नाही. मी तिला म्हटलं, आदल्या दिवशी मी जाते. जाताना एसटीत मी मनात शंभरदा वाक्य जुळवत होते, झाडू लावू नका, बावीला हात लावू नका, पाहुणचार नको. पोचले तर देवळासमोर चुना नव्हता. पंप नव्हता. बावीच्या कठड्यावर गोणपाट टाकून कमळाबाई बसली होती, सकाळपासून. गावातल्या दोन नव्या सुना केरसुणी घेऊन अंगण झाडायला निघाल्या तर तिथूनच ओरडली, “झाडू खाली ठेवा गो! कोनी झाडू लावायचा न्हाय!” पाचोळा तसाच, शेण तसंच, पाण्यावर तोच तवंग. मला म्हणाली, “वकील बोल्ला होता, आता पाहुना येल तवा घान ठेवा. मागचे बारीला कोनी सांगिटला नव्हता, आता त्याचा आयकू.” ती तिथेच बसून राहिली, संध्याकाळी मी निघाले तेव्हाही तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. खुर्च्या मांडल्या नव्हत्या, ते उभे राहिले. ऊन कडक होतं. पाणी काढलं, बाटल्यांत भरलं, सील केलं, पंचनामा झाला. पंच गावचेच होते, यावेळी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचून सही केली. अख्ख्या कामाला दोन तास लागले आणि त्या दोन तासांत त्या गावात कुणीही कुणालाही साधं पाणी विचारलं नाही. ज्या गावात रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून ताक देतात, तिथे बायका दारात हात बांधून उभ्या होत्या आणि रडत होत्या. एका म्हाताऱ्याने तर शरमेने घराचं दार लावून घेतलं. अधिकाऱ्याने शेवटी स्वतःच्या पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायलं. अहवाल काय येईल मला माहीत नाही. सविताच्या दाव्याचं काय होईल तेही माहीत नाही. बाटल्या गेल्या आहेत, एवढंच खरं.

गाडी गेल्यावर मी कमळाबाईच्या शेजारी कठड्यावर बसले आणि म्हटलं, “मावशी, मला एक सांगायचंय. त्या वेळी चुना मी बघितला होता. मी थांबवायला हवं होतं.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ता तर त्याला ठावं होता.” मला कळेना. “कुणाला?” “वकीलाला. सविताचे दहाव्याला आयलावता. इचारला मना, चुना कोनी कोनी बगिटला? मी बोल्ली, टायपिंगवाली बाय आयलीवती, ती बोल्ली बरा दिसल.” मी म्हटलं, “मग? काय म्हणाले?” कमळाबाईने पदराने तोंड पुसलं. “बोल्ला, तिला कवा बोलू नको हां. तिचे हात थांबतील.”

म्हणजे ‘अन्य कोणाची नसून’ हे त्यांनी, चूक माझी होती हे ठाऊक असताना, माझ्याच हातून लिहून घेतलं होतं. चार वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो... आणि त्यांच्यासारखा चिडका माणूस, फाइल सापडली नाही तर घर डोक्यावर घेणारा, यावर एक शब्द बोलला नाही. मला राग आला त्यांचा, खरंच आला. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर.

मागच्या आठवड्यात सुनंदावहिनींनी ऑफिस रिकामं केलं. शेडच्या मालकाला वरती सूत ठेवायला जागा हवी आहे. पुस्तकं कुणाकुणाला दिली, फाइली वकीलबाईंकडे गेल्या. खिडकीतली बरणी मात्र वहिनींनी मोरीत ओतायला घेतली होती, आंबूस वास येतो म्हणून. मी ती मागून घेतली. आता ती माझ्या टेबलावर आहे, टाइपरायटरच्या बाजूला. जांभळा रंग तळाला बसला आहे, वरचं पाणी निवळलं आहे, दिसायला अगदी पिण्यास योग्य. पक्षकार विचारतात, बाई, हे काय? मी म्हणते, पाणी आहे. पंचनामा नाही त्याचा. शेडखाली रस्त्याची धूळ फार, रोज सकाळी आल्यावर मी टेबल पुसते, मशीन पुसते, खुर्ची पुसते. बरणीवर बोटभर धूळ साचली आहे. तिला मी हात लावत नाही.